साठ दिवसांची मुदत

गेल्या आठवड्यात आमचे एक जुने सहकारी आमच्या कार्यालयात आले होते. पूर्वी आम्ही दोघे एकाच शाळेत शिकवीत होतो. ते गणित आणि आम्ही मराठी. निवृत्त झाल्यापासून ते कोथरूडला असतात. त्यांचा मुलगा अमेरिकेतील सिएटल शहरी एका संगणक-कंपनीत अकरा वर्षे नोकरीस होता. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक लहानशी दिनदर्शिका काढली आणि तीवर पेन्सिलीने केलेल्या फुल्या आमच्यापुढे धरल्या. "आज एकेचाळिसावा दिवस," ते म्हणाले, "एकोणीस उरले." मुलाची नोकरी गेल्याला एकेचाळीस दिवस झाले होते. साठावा दिवस उलटण्यापूर्वी दुसरा मालक मिळाला नाही तर अकरा वर्षांचे बिऱ्हाड मोडून, आठ वर्षांच्या मुलीस शाळेतून काढून आणि कर्जाचे घर मिळेल त्या किमतीस विकून त्याला तो देश सोडावा लागणार होता. ज्यांनी जन्मभर मुलांना वजाबाकी शिकविली त्यांच्यावर स्वतः असे उदाहरण सोडविण्याची पाळी आली होती.

ही गोष्ट एकाच घरची असती तर तीवर अग्रलेख लिहिण्याचे आम्हांस कारण नव्हते. परंतु ज्याच्या एखाद्या तरी बिऱ्हाडातील मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नाही असा वाडा किंवा अशी सोसायटी आज पुण्यात शोधूनच काढावी लागेल. गेल्या काही वर्षांत तेथील बड्या कंपन्यांनी नोकरकपातीचा जो सपाटा लावला आहे, त्याचे हादरे डेक्कन आणि कोथरूडपासून चिंचवडपर्यंत पोचले आहेत. नोकरी जाणे ही आपत्ती कोणत्याही देशात आणि कोणत्याही काळी आपत्तीच असते. ती अमेरिकन माणसावरही कोसळलेली आहे. पण ज्याचा त्या देशातील वास्तव्याचा परवानाच नोकरीला बांधलेला आहे, त्याची नोकरी आणि त्याचे घर एकाच वेळी जाते. मालकाला कामगारास कामावरून कमी करण्याचा अधिकार असू शकेल. त्यास देशाबाहेर घालविण्याचा अधिकार मालकाच्या हाती असता कामा नये. एवढीच एक गोष्ट आज आम्हांस सांगावयाची आहे.

हा परवाना कोणता ते प्रथम पाहू. विशेष शिक्षणाची गरज असलेल्या कामावर परदेशी मनुष्य ठरावीक काळापुरता ठेवावयाचा असला म्हणजे अमेरिकेत त्यास एच-वन-बी नावाचा व्हिसा द्यावा लागतो. त्याची आजची घडण १९९० च्या कायद्याने झाली. वर्षाकाठी असे ६५ हजार नवे परवाने, आणि अमेरिकन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळविलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी मर्यादा आहे. विद्यापीठे व काही संशोधन संस्था तेवढ्या या मर्यादेबाहेर आहेत. परवाना प्रथम तीन वर्षांचा मिळतो आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाढविता येतो. या परवान्यावर असलेल्यांची संख्या २०१९ साली सुमारे ५ लाख ८३ हजार असल्याचा अंदाज खुद्द अमेरिकन सरकारच्या खात्याने दिला होता. मंजूर होणाऱ्या अर्जांत आपल्या देशबांधवांचा वाटा शेकडा सत्तरांहून अधिक असतो. तेव्हा हा प्रश्न कायद्याच्या भाषेत सर्व परदेशी कुशल कामगारांचा असला, तरी व्यवहारात तो मुख्यतः भारतीयांचा प्रश्न आहे.

या परवान्याचे मर्म असे की, त्यासाठी अर्ज करतो तो मालक. काम करणारा माणूस नव्हे. अमुक कामासाठी, अमुक वेतनावर, अमुक ठिकाणी मला हा मनुष्य हवा आहे, असे मालक सरकारला लिहून देतो आणि त्या लिखाणाच्या आधारावर तो मनुष्य त्या देशात राहतो. मालकाने कामावरून काढले की आधार संपला. मालकाने तसे सरकारला कळवावे लागते, आणि परवान्याची मुदत संपण्यापूर्वीच काढून टाकले असेल तर त्या माणसाला मायदेशी जाण्याचा वाजवी प्रवासखर्चही देऊ करावा लागतो. कायद्याने मालकावर टाकलेले कर्तव्य ते एवढेच. त्या माणसाने त्या गावात दहा वर्षे घालविली आहेत, घर घेतले आहे, मुले शाळेत घातली आहेत, याची नोंद परवान्याच्या कागदावर कोठेच नसते.

नोकरी गेलेल्या माणसाला दुसरे काम शोधण्यासाठी साठ दिवसांपर्यंत राहू देण्याचा नियम १७ जानेवारी २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी तेवढीही सवड नव्हती; शेवटच्या दिवशी कचेरीचे दार मागे लागले की कायद्याच्या दृष्टीने तो मनुष्य त्या देशात उपराच ठरे. त्या मानाने हा नियम म्हणजे एक पाऊल पुढे होते, हे मान्य केले पाहिजे. पण हे साठ दिवस पुरते साठही नसतात. परवान्याची उरलेली मुदत साठ दिवसांहून कमी असली तर तेवढेच दिवस मिळतात. मोजणी साधारणतः ज्या दिवसापर्यंतचे वेतन मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. नंतर हाती पडणाऱ्या एकरकमी भरपाईने एक दिवसही वाढत नाही. शिवाय ही सवड परवान्याच्या एका मुदतीत एकदाच वापरता येते आणि ती द्यावयाची की नाही हे अखेर अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते.

आता या साठ दिवसांत करावयाचे काय काय असते ते पाहावे. नवा मालक शोधावयाचा. अशा नोकऱ्यांसाठी मुलाखतींच्या चार-चार, पाच-पाच फेऱ्या होतात आणि त्यांत महिना सहज निघून जातो. पुष्कळ ठिकाणी तर पहिला प्रश्नच असा विचारतात की, तुम्हांला परवाना लागेल काय? होय म्हटले की बोलणे तेथेच खुंटते. मालक मिळालाच, तर त्याने प्रथम कामगार खात्याकडून वेतनाविषयीचा दाखला घ्यावयाचा, त्यास कामकाजाचे सात दिवस लागतात; मग वकिलाकरवी कागदपत्रे तयार करून नवा अर्ज साठ दिवसांच्या आत दाखल करावयाचा. २००० सालच्या कायद्याने एवढी सोय केली आहे की, अर्ज दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता कामास सुरुवात करता येते. हे सारे वजा केले म्हणजे प्रत्यक्ष काम शोधण्यास माणसाच्या हाती जेमतेम पाच-सहा आठवडे उरतात. ज्या देशातील स्वतःच्या नागरिकालाही मंदीच्या दिवसांत काम मिळण्यास कित्येक महिने लागतात, तेथे परदेशी माणसाने ते पाच आठवड्यांत मिळवावे, अशी ही अपेक्षा आहे.

आणि कपातीची लाट येते ती सर्वांवर एकदमच येते. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत या कंपन्यांचा धंदा भरभराटीस आला होता आणि त्यांनी हाती लागेल तो मनुष्य कामावर घेतला. २०२२ मध्ये व्याजाचे दर चढले, मागणी ओसरली आणि हिशेब उलटा सुरू झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजार माणसे कमी केली. त्याच महिन्यात ट्विटरने आपली निम्मी माणसे काढली. २०२३ च्या जानेवारीत ॲमेझॉनने १८ हजार, गूगलच्या मूळ कंपनीने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. २०२५ साली मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात सुमारे ६ हजार व जुलैमध्ये सुमारे ९ हजार, तर ऑक्टोबरात ॲमेझॉनने १४ हजार नोकऱ्या कमी करण्याचे ठरविले. एकाच धंद्यातील एवढी माणसे एकाच वेळी त्याच त्या दारांशी उभी राहिली म्हणजे काय होणार? त्यांतील अमेरिकन मनुष्य सहा महिने थांबू शकतो, पडेल ते काम करून दिवस काढू शकतो. परवान्यावरील माणसाला गाडी चालवून किंवा दुकानात उभे राहूनही पोट भरण्याची मुभा नाही. ज्या कामासाठी परवाना त्याखेरीज दुसरे काम केले तर तो परवान्याच्या अटींचा भंग. बेकारभत्त्यासाठी त्याच्या मालकाने कर भरलेला असतो. पण नोकरी सुटल्यावर कोणतेही काम पत्करण्यास कायद्याने मोकळा नाही, म्हणून तो भत्ताही त्याला बहुधा मिळत नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, असे आपल्याकडे म्हणतात ते हेच.

येथे कोणी म्हणेल की, हा परवाना मुळातच तात्पुरता होता. पाहुणा म्हणून गेलेल्याने घराच्या मालकीची भाषा का करावी? आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. पण ज्याला तात्पुरता म्हणावयाचे त्याला दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे तात्पुरता कोणी ठेवला, हेही विचारले पाहिजे. एच-वन-बीवर गेलेल्या माणसाने कायम वास्तव्याची इच्छा धरावी, याला त्या देशाच्या कायद्याचीच संमती आहे. मालकच त्याच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करतो आणि सरकार तो अर्ज मंजूरही करते. मात्र नोकरीच्या आधारे द्यावयाची अशी कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, त्यांत कुटुंबातील माणसेही मोजावयाची, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतील शेकडा सातांहून अधिक सामान्यतः द्यावयाची नाहीत, असा दंडक आहे. आइसलँडसारख्या चिमुकल्या देशाला जी मर्यादा, तीच एकशे चाळीस कोटींच्या भारताला. परिणाम असा की, भारतीयांची रांग कुटुंबीयांसह दहा लाखांच्या पुढे गेली आहे आणि बहुसंख्यांना दहा वर्षांहून अधिक काळ तीत उभे राहावे लागते. तोवर सरकार तीन-तीन वर्षांची मुदतवाढ देत राहते. सारांश, त्या माणसास कायमचा रहिवासी होण्यास योग्य ठरवूनही पाहुणा म्हणूनच ठेवावयाचे, असा हा प्रकार आहे.

हा दंडक बदलण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. देशवार मर्यादा उठविणारे विधेयक २०१९ च्या जुलैत तेथील कनिष्ठ सभागृहाने ३६५ विरुद्ध ६५ अशा प्रचंड बहुमताने संमत केले. २०२० च्या डिसेंबरात वरिष्ठ सभागृहानेही त्याच विषयावरचे वेगळे विधेयक संमत केले. पण दोहोंचा मेळ कधी बसला नाही आणि रांग होती तशीच राहिली. या रांगेतील मनुष्याची नोकरी गेली म्हणजे त्याचा मूळचा क्रमांक सहसा राखला जातो, हे खरे. परंतु नव्या मालकाने कामगार खात्याच्या दाखल्यापासून सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. शिडीच्या वरच्या पायरीवर उभा असलेला मनुष्य खाली येतो आणि चढणे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते.

त्याच्यामागे असलेल्या घराची स्थिती याहून बिकट. पत्नीचा किंवा पतीचा परवाना त्याच्याच परवान्यावर अवलंबून. पूर्वी अशा जोडीदाराला काम करण्याची परवानगीच नव्हती. घरी कोंडून बसलेल्या डॉक्टर आणि इंजिनिअर मुली आम्ही पाहिल्या आहेत. २०१५ पासून, ज्यांचा ग्रीन कार्डाचा प्राथमिक अर्ज मंजूर झाला आहे त्यांच्या जोडीदारांना ती परवानगी मिळू लागली. परंतु मुख्य परवाना गेला की तीही जाते. एकाच्या नोकरीबरोबर दोघांची कमाई बंद पडते. तेथे जन्मलेले मूल अमेरिकन नागरिक असते आणि येथून नेलेले मूल परदेशी. एकाच घरात दोन भावंडांना दोन कायदे. येथून नेलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की सामान्यतः ते आईबापांच्या अर्जातून गळते आणि ज्या गावात वाढले तेथेच परके ठरते. आणखी एक गोष्ट. नोकरीच्या काळात वेतनातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के आणि वृद्धांच्या वैद्यकीय मदतीसाठी १.४५ टक्के कपात होत असते. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र सामान्यतः दहा वर्षांची वर्गणी पूर्ण झाल्याशिवाय लागत नाही. आठव्या वर्षी परत यावे लागले तर आठ वर्षांची ती वर्गणी त्या देशाला अर्पण!

बरे, परत येऊन पुन्हा संधी मिळाली तर जावे, असे म्हणावे तर तीही वाट २०२५ मध्ये कठीण झाली. १९ सप्टेंबर २०२५ च्या जाहीरनाम्यान्वये, देशाबाहेर असलेल्या आणि चालू व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवा अर्ज करणाऱ्या मालकाने एक लाख डॉलर भरावे, असा नियम एक वर्षाच्या मुदतीसाठी जारी करण्यात आला. एरव्ही ज्या अर्जास काही हजार डॉलर लागत, त्यासाठी एवढी रक्कम कोणता मालक मोजील? साठावा दिवस हा पूर्वी निदान तात्पुरत्या निरोपाचा दिवस असू शकत होता. त्या जाहीरनाम्याने त्यास कायमच्या निरोपाचे रूप दिले.

या प्रश्नाची दुसरी बाजू आम्ही डोळ्यांआड करू इच्छीत नाही. अमेरिकन कामगाराची तक्रार खोटी नाही. २०१४-१५ मध्ये फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे एका प्रख्यात कंपनीने सुमारे अडीचशे माणसांना नोकरीवरून कमी केले आणि त्यांच्या जागी परवान्यावर आलेल्यांना काम शिकविण्याची पाळी त्यांच्यापैकी कित्येकांवर आणली. स्वतःच्या हाताने स्वतःच्या जागी दुसऱ्याला बसवून निघून जाणे, याहून मानहानी ती कोणती? अशा व्यवहारात आपल्याकडील काही कंपन्यांचेही हात गुंतलेले होते, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्या तक्रारीचे मूळ कोठे आहे? परवान्यावरील मनुष्य मालकाला प्रिय वाटतो तो केवळ हुशार आहे म्हणून नव्हे. तो नोकरी सोडून जाऊ शकत नाही, वेतनवाढ मागताना त्याचा आवाज खाली असतो आणि रात्री कामावर बोलाविले तरी तो येतो, म्हणूनही तो प्रिय असतो. त्याच्या गळ्यातील दोर ढिला केला तर मालकाला त्याचा वापर करून दुसऱ्याचे वेतन पाडता येणार नाही. तेव्हा परदेशी कामगाराला मिळणारी सवड ही अमेरिकन कामगाराच्या विरोधी तर नाहीच, उलट त्याच्या हिताची आहे. आमच्या गिरणगावाने शंभर वर्षांच्या लढ्यांतून हेच शिकविले की, अडलेला कामगार हा शेजारच्या कामगाराची मजुरी खाली ओढतो. सिएटलला तरी हा नियम निराळा कसा असेल?

साठ दिवसांची ही मुदत काही निसर्गनियम नाही. ऑस्ट्रेलियातही मालकाच्या अर्जावर आलेल्या कुशल कामगाराला काम सुटल्यावर साठच दिवस मिळत. १ जुलै २०२४ पासून तेथे एका वेळी १८० दिवस आणि परवान्याच्या संपूर्ण काळात मिळून ३६५ दिवसांपर्यंत सवड मिळू लागली, आणि तेवढ्या काळात दुसरे कामही करता येते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये उच्चकुशल कामगारांच्या निळ्या कार्डाचे नियम सुधारले. त्यान्वये कार्डाला दोन वर्षे झाली नसतील तर तीन महिने आणि झाली असतील तर सहा महिने बेकारी सोसली जाते. यामुळे ऑस्ट्रेलिया बुडाला नाही की युरोपावर आकाश कोसळले नाही. खुद्द अमेरिकेत, राष्ट्राध्यक्षांना आशियाई वंशाच्या नागरिकांविषयी सल्ला देणाऱ्या आयोगाने २०२३ मध्ये ही मुदत १८० दिवसांची करावी अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

अमेरिकेच्या बाबतीत आम्ही निराश मात्र नाही. भारतीय मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात दिला होता आणि त्या निकालामुळे कित्येक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. १९४६ साली तो दरवाजा किलकिला झाला. तेव्हा वर्षाला शंभर भारतीयांना प्रवेश देण्यात आला. १९६५ च्या कायद्याने तो उघडला. ज्या देशाने आपल्या कायद्यातील एवढे मोठे अन्याय स्वतः दुरुस्त केले, त्याला साठाचे एकशे ऐंशी करणे अशक्य का वाटावे? त्यासाठी नवी कार्डे वाटावयाची नाहीत, दरवर्षीची मर्यादा वाढवावयाची नाही, की खजिन्यातून पैसा काढावयाचा नाही. हा नियम सरकारी खात्याने केलेला आहे आणि तेच खाते तो बदलू शकते.

तोवर कंपन्यांनाही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. काढून टाकलेल्या माणसाला तीन-चार महिन्यांचे वेतन एकरकमी देण्याऐवजी तेवढा काळ त्यास वेतनपटावर ठेवावे. त्यांचा खर्च तोच राहील आणि मोजणी उशिरा सुरू झाली तर त्या माणसाच्या पदरी तीन महिने अधिक पडतील. काही मालक असे करतात. सर्वांनी ते करावे.

आता आपल्या घराकडे वळू. परदेशातून आलेल्या पैशाचा अभिमान आपल्या राज्यकर्त्यांना फार आहे. २०२४-२५ या वर्षात देशात १३५ अब्ज डॉलरांहून अधिक पैसा अशा मार्गाने आला, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे त्यात अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे २८ टक्के होता. ज्यांच्या पैशाचे कौतुक करावयाचे, त्यांच्या अडचणीच्या वेळी दिल्लीने मौन धरणे शोभत नाही. जर्मनी, फ्रान्स, जपान, बेल्जियम आदी देशांशी भारताने सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत; तेथे भरलेल्या वर्गणीचे कामगाराला काही ना काही पदरी पडते. अमेरिकेशी असा करार वर्षानुवर्षे मागूनही झालेला नाही. व्यापाराच्या वाटाघाटींत बदाम आणि मोटारी यांच्या जकातीवर जेवढा घोळ घातला जातो, तेवढा आग्रह या एका करारासाठी धरला तर लाखो घरांचा दुवा मिळेल.

परत येणाऱ्यांसाठी येथील दारे तरी सताड उघडी आहेत काय? अमेरिकेत जन्मलेले त्यांचे मूल आपल्या कायद्याने परदेशी नागरिक आहे. त्याला ओसीआय कार्ड मिळते. पण ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ज्यांना ते मिळाले त्यांना वैद्यकीय वगैरे सामाईक परीक्षांतून अनिवासी भारतीयांच्या मर्यादित आणि महागड्या जागांखेरीज वाव नाही. जी मुलगी आठव्या वर्षी पुण्याच्या शाळेत येऊन मराठीत कविता म्हणू लागेल, तिला अठराव्या वर्षी आपणच परकी म्हणणार! अमेरिकेला जन्मस्थानावरून माणसे मोजू नका म्हणून सांगताना आपण आपल्या कायद्याकडेही पाहिले पाहिजे. येथील नोकऱ्यांची तरी शाश्वती काय आहे? २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हिंजवडीतील तरुणांच्या तोंडचे पाणी पळाले. संगणकावर काम करणारा मनुष्य हा कामगारच आहे, त्यालाही नोटीस, भरपाई आणि दाद मागण्याची जागा हवी, हे तत्त्व आपल्या राज्यानेही मनावर घेतलेले नाही.

राहता राहिला आपला समाज. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ काम करीत आहे आणि गावोगावी मराठी मंडळे आहेत. गणेशोत्सव आणि अधिवेशने ही त्यांची शोभा आहे. पण संकटात सापडलेल्या घरास चार दिवस आसरा, चांगला वकील आणि नव्या नोकरीसाठी दोन ओळखी मिळवून देणे यासारखी समाजसेवा नाही. पुण्यातही आपल्या वागण्यात काही बदल होणे अगत्याचे आहे. मुलगा अमेरिकेत असला की त्याच्या आईबापांकडे आपण एका नजरेने पाहतो आणि तो परत आला की दुसऱ्या. लग्नाच्या बाजारात तर परवान्याचा प्रकार आधी विचारतात आणि स्वभाव मागाहून. कित्येक मुले साठ दिवसांतील चाळीस दिवस घरी काही कळवीत नाहीत, याचे कारण त्यांना आईबापांची भीती वाटते असे नाही; आईबापांना शेजाऱ्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागेल, याचे त्यांना दुःख होते. नोकरी जाणे हा त्या मुलाचा अपराध नाही. त्याने परत यावे की तेथे झगडत राहावे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे; आणि तो आला तर त्याचे आगमन पराभव म्हणून मोजू नये.

आमचे सहकारी निघताना म्हणाले, "इतकी वर्षे मी मुलांना सांगत आलो की, नीट शिका म्हणजे कोणाच्या दाराशी उभे राहावे लागणार नाही. माझा मुलगा नीट शिकला." पुढे ते काही बोलले नाहीत आणि आम्हांसही काही सुचले नाही. हा मजकूर वाचकांच्या हाती पडेल तेव्हा त्यांच्या दिनदर्शिकेवर आणखी आठ-दहा फुल्या पडलेल्या असतील. त्यांच्या मुलाला काम मिळो, अशी इच्छा आम्ही मनापासून करतो. परंतु एकाला काम मिळाल्याने हा प्रश्न सुटणार नाही. माणसाने वर्षानुवर्षे उभे केलेले घर मोडण्यास साठ दिवस पुरे, असे मानणारा नियम बदलला पाहिजे. अमेरिकेने तो बदलावा, दिल्लीने त्यासाठी बोलावे, आणि तोवर या घरांना एकटे पडू न देणे हे आपल्या हाती आहे. तेवढे आपण करावे.